हर्निया जांघेतला, पण भूल ठरते तोंड पाहून

वाचकाचे पत्र : माझे सासरे 67 वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी पाच एकर वावर आहे आणि अजूनही पऱ्हाटीची बरीच कामे ते स्वतः करतात. तीन वर्षांपासून त्यांच्या उजव्या जांघेत गाठ येते. आडवे झाले आणि हाताने दाबले की ती आत जाते. यंदा सोयाबीनचे कट्टे उचलताना ती जास्त दुखू लागली, म्हणून तीन ठिकाणी दाखवले. तालुक्याचे सर्जन म्हणाले, जागेवर भूल देऊन जाळी बसवू, संध्याकाळी घरी न्या. जिल्ह्याच्या ठिकाणी सांगितले, की पाठीत इंजेक्शन देऊन करू, एक रात्र ठेवू. नागपूरला सांगितले, की दुर्बिणीतून करणे चांगले, त्यासाठी पूर्ण भूल लागेल. आमच्या शेजारच्या काकूंची कंबर सिझरच्या वेळच्या पाठीतल्या सुईने कायमची धरली, म्हणून सासूबाई त्या सुईच्या विरोधात आहेत. यजमान म्हणतात, पूर्ण झोपवूनच करावे, माणसाला काही कळत नाही. मामाजी म्हणतात, मला झोपवू नका, मी उठणार नाही. आम्ही कोणाचे ऐकावे? त्यांना बीपीची गोळी चालू आहे, साखर नाही. गाव दवाखान्यापासून 18 किलोमीटरवर आहे.

ता. क. : त्यांना खर्र्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) जुनी सवय आहे, हल्ली तोंड पूर्ण उघडत नाही आणि तिखट झोंबते. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात. याचा ऑपरेशनशी संबंध नसावा, तरी कळवले.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून झाल्यावर ताजा कलम मी आणखी दोनदा वाचला, कारण ज्या ओळींचा ऑपरेशनशी संबंध नसावा असे तुम्हाला वाटले, त्यांच्यावरच माझे सगळे उत्तर उभे आहे. तिन्ही डॉक्टरांनी सांगितलेले तिन्ही मार्ग आपापल्या जागी योग्य आहेत आणि त्यांपैकी कोणी तुमची फसवणूक करत आहे असे समजण्याचे कारण नाही. मात्र मामाजींचे तोंड कमी उघडते आणि त्यांना लघवीचा त्रास आहे, या दोन गोष्टी त्या तिघांपुढे नीट मांडल्या गेल्या होत्या का, याची मला शंका आहे. त्या धरून चालल्यास माझा कल स्पष्ट आहे : गाठ आत जाते आहे तोवर, चिरा देऊन जाळी (पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेला आधार देणारी) बसवण्याचे ऑपरेशन जागेवर भूल देऊन, म्हणजे फक्त तेवढाच भाग बधिर करून, करावे आणि त्या वेळी खोलीत भूलतज्ज्ञ हजर असावा, ते जमण्यासारखे नसेल तर पाठीतली भूल, आणि पूर्ण भूल अगदी शेवटी. मी स्वतः भूलतज्ज्ञ असलो, तरी प्रत्यक्ष न तपासता दिलेले हे मत आहे, त्यामुळे तपासणारा भूलतज्ज्ञ काही वेगळे सांगेल तर त्याचे ऐकावे, पण त्याला कारण जरूर विचारावे.

तुमच्या यजमानांची बाजू आधी घेतो, कारण बहुतेक घरांत तीच बाजू जिंकते. पूर्ण भुलीत शिरेतून औषध देऊन झोप आणली जाते आणि त्या झोपेत माणसाला कळत नाही, दुखत नाही, पुढे आठवतही नाही. इथवर त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु त्याच झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागे जाते आणि श्वासाची जबाबदारी रुग्णाकडून भूलतज्ज्ञाकडे येते. ती पार पाडण्यासाठी एक तर घशाच्या मागे बसणारा मऊ मास्क ठेवावा लागतो, नाही तर श्वासनलिकेत नळी घालावी लागते, आणि या दोन्ही वस्तूंची नेहमीची वाट तोंडातून जाते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये जागा तयार करण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू भरला जात असल्यामुळे नळी घालून दिलेली पूर्ण भूल हाच त्यासाठीचा सर्वसाधारण रिवाज आहे. म्हणजे नागपूरचा मार्ग मामाजींच्या तोंडातून जातो आणि ते तोंडच नीट उघडत नाही.

ते किती उघडते हे घरीच पाहता येईल. मामाजींना त्यांचीच तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन बोटे सहज गेली तर चिंता कमी आहे, दोनच गेली तर भूलतज्ज्ञाला आधीपासून तयारी करावी लागेल, आणि दीड बोटावर गाडी अडली तर लहान दवाखान्यात त्यांना पूर्ण भूल देण्याचा विचारच करू नये. खर्र्यातल्या सुपारीमुळे गालाच्या आतले अस्तर हळूहळू पांढरट आणि ताठ होते, त्याखाली तंतू साचून दोरीसारखे पट्टे तयार होतात. तिखट झोंबणे ही या आजाराची लवकर दिसणारी खूण आहे. यातला सर्वांत अवघड भाग असा, की एरवी भुलीचे औषध दिल्यावर जबड्याचे स्नायू सैल होतात आणि जागेपणी घट्ट असलेले तोंडही थोडे अधिक उघडते, पण हे पट्टे स्नायूंचे नसल्यामुळे कोणत्याही औषधाने सैल पडत नाहीत. रुग्ण झोपला आहे, त्याचा श्वास थांबला आहे आणि तोंडातून नळी जात नाही, ही भूलतज्ज्ञाच्या आयुष्यातली सर्वांत वाईट पाच मिनिटे असतात. अशा रुग्णाला जागे ठेवून, नाक बधिर करून, लवचिक दुर्बिणीवरून नळी घालता येते. परंतु ते साधन आणि तो हात मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि मोजक्या मोठ्या दवाखान्यांत मिळतो, आणि जे ऑपरेशन त्याशिवाय उत्तम होऊ शकते त्यासाठी हा खटाटोप कशाला करायचा, हा साधा प्रश्न आहे. दुर्बिणीची पद्धत वाईट आहे असे मी म्हणत नाही. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, किंवा आधी चिरा देऊन केलेला हर्निया पुन्हा उद्भवला असेल, तर मी स्वतः तिची शिफारस करतो. मामाजींचा हर्निया एका बाजूचा आणि पहिल्यांदाच झालेला आहे.

याच मुद्द्याची दुसरी बाजू अशी, की ऑपरेशन कापूस निघेपर्यंत पुढे ढकलावे का, असा विचार घरात चालला असणार; तुम्ही तो लिहिला नाही, पण हंगामाच्या तोंडावर आलेल्या प्रत्येक पत्रात तो असतोच. आत जाणारी गाठ काही आठवडे थांबू शकते. परंतु एखाद्या दिवशी ती कडक झाली, आत जाईना, दुखू लागली आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले आहे असे समजून त्याच तासाला 108 ला फोन करून निघावे लागेल, कारण अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत बंद पडू शकतो. तशा वेळी निवडीला फारसा वाव उरत नाही : पोट फुगलेले, उलटी फुप्फुसात जाण्याची भीती, आतडे कापावे लागण्याची शक्यता, आणि म्हणून बहुधा नळी घालून पूर्ण भूल, तीही मध्यरात्री आणि त्याच न उघडणाऱ्या तोंडातून. आज जी अडचण टाळता येते, ती त्या रात्री टाळता येणार नाही. म्हणून पहिली वेचणी झाली की तारीख घ्यावी, आणि तोवर कट्टे दुसऱ्याने उचलावेत.

आता सासूबाईंच्या सुईकडे वळतो. पाठीतल्या भुलीत कमरेच्या मणक्यांमधून अतिशय बारीक सुईने मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात दोन ते तीन मिलिलीटर औषध सोडतात. सुई टोचण्याची जागा मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली असते. पाच-दहा मिनिटांत पोटाच्या खालच्या भागापासून पायापर्यंत बधिरता येते, रुग्ण जागा असतो, श्वास स्वतः घेतो, आणि सर्जनला हवे तसे काम करता येते. टोचलेल्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो, परंतु या सुईमुळे कंबर कायमची धरते असे दिसून आलेले नाही. गरोदरपणात कमरेवर आलेला ताण, बाळंतपणानंतर मूल काखेत घेऊन केलेली कामे आणि वाकून केलेले निंदण यांचा दोष त्या एका सुईच्या माथी मारला जातो, कारण तिची तारीख लक्षात राहते आणि बाकीच्यांची राहत नाही. काकूंच्या दुखण्याबद्दल मला सहानुभूती आहे, पण ते दुखणे मामाजींच्या निर्णयात आणू नये.

या सुईचा खरा आणि नेमका त्रास म्हणजे डोकेदुखी. उठून बसले की डोके फुटते आणि आडवे झाले की उतरते, अशी तिची ओळख आहे, आणि ती सुईच्या छिद्रातून ते पाणी झिरपल्यामुळे होते. जर्मनीतील कील येथे 1898 मध्ये आउगुस्ट बीअर या सर्जनने ही भूल पहिल्यांदा वापरली, आणि आपल्या साहाय्यकासह एकमेकांवर प्रयोग करताना ही डोकेदुखी त्याने स्वतःच भोगली. आज सुया कितीतरी बारीक झाल्या आहेत, आणि ही डोकेदुखी मुख्यतः तरुणांत, त्यातही स्त्रियांत होते. 67 व्या वर्षी ती क्वचित दिसते. तेव्हा मामाजींच्या बाबतीत तिचीही मला मोठी धास्ती नाही.

धास्ती आहे ती लघवीची. पाठीतल्या भुलीत पायांबरोबर मूत्राशयही बधिर होते, आणि पायांत ताकद परतल्यावरही ते काही काळ सुस्त राहते. सलाईन चालू असते, मूत्राशय भरत जाते, रुग्णाला जाणीव होत नाही, आणि जाणीव होते तेव्हा लघवी सुटत नाही. तरुण माणूस यातून निभावून जातो. परंतु या वयात जो पुरुष रात्री चार-पाच वेळा उठतो, त्याची मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्याची लघवी तुंबली तर नळी घालावी लागते; मग संध्याकाळी घरी जाण्याचा बेत राहतो बाजूला आणि लघवीची पिशवी धरून चार दिवस जातात. त्यातच पाठीतल्या भुलीने रक्तदाब एकदम उतरतो, आणि बीपीची गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसात तो जरा अधिकच उतरतो. हर्नियाच्या उपचारांसंबंधी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, वयाची 65 वर्षे ओलांडलेल्या रुग्णांत पाठीतल्या भुलीपेक्षा जागेवरची किंवा पूर्ण भूल बरी, असे मत दिलेले आहे. मामाजींच्या बाबतीत त्यातली पूर्ण भूल आपण तोंडामुळे बाजूला ठेवली, म्हणजे उरली जागेवरची.

ही तिसरी पद्धत तालुक्याच्या सर्जननी सुचवली, आणि तुमच्या पत्राच्या सुरावरून मला असे जाणवले, की ती गरिबांची तडजोड आहे आणि नागपूरचे ते खरे उपचार, अशी घरात समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. कॅनडातील टोरांटो परिसरातल्या शोल्डाइस रुग्णालयात 1945 पासून केवळ हर्नियाचीच ऑपरेशने होतात आणि तिथे जागेवर भूल देण्याचीच परंपरा आहे. जाळी ताण न देता शिवण्याची जी पद्धत आज जगभर चालते आणि जिची तयारी तुमच्या तालुक्याच्या सर्जननी दाखवली आहे, ती अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या आयर्विंग लिश्टेनस्टाइन या सर्जनने 1980 च्या दशकात रूढ केली, तीही जागेवर भूल देऊन आणि रुग्णाला त्याच दिवशी घरी पाठवून. स्वीडनमधील 10 रुग्णालयांत 616 रुग्णांवर तिन्ही प्रकारच्या भुलींची तुलना करून 2003 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जागेवर भूल दिलेल्या रुग्णांना सुरुवातीच्या वेदना कमी होत्या, लघवीच्या तक्रारी कमी होत्या आणि ते लवकर घरी गेले, असे आढळले.

प्रत्यक्षात काय होते ते मामाजींना सांगा, कारण न सांगता टेबलावर नेलेला माणूस प्रत्येक स्पर्शाला दचकतो. ज्या ओळीत चिरा द्यायचा तिथे आधी बारीक सुईने औषध भरतात. पहिल्या दोन-तीन टोचण्या जाणवतात, थोडी आग होते, मग जागा बधिर होते. त्यानंतर सर्जन एकेक थर उघडत जातो आणि पुढचा थर कापण्याआधी त्यात औषध सोडतो. जांघेत येणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेवर वेगळे औषध दिले जाते. कुठे ओढल्यासारखे, दाबल्यासारखे वाटते, विशेषतः हर्नियाची पिशवी ओढून सोडवताना पोटात कसेसे होते. त्या वेळी गप्प न राहता सांगायचे असते, म्हणजे तिथे आणखी औषध देता येते. समोर कापड असल्यामुळे काही दिसत नाही. शिरेतून थोडे गुंगीचे औषध दिले तर बहुतेक जण अर्धवट पेंगतात, परंतु मामाजींच्या तोंडाचा विचार करता ही गुंगी हलकीच असावी, असे मी लिहून देईन, कारण जास्त गुंगीत श्वास मंदावला तर आपण पुन्हा पहिल्याच अडचणीत येऊन पडतो. जाळी बसल्यावर सर्जन खोकायला सांगतो आणि दुरुस्ती टिकते का ते तिथेच पाहतो. झोपलेल्या रुग्णात ही सोय नाही. मी असे शेतकरी पाहिले आहेत, जे टेबलावर पडल्या पडल्या कापसाच्या भावावरून सर्जनशी हुज्जत घालत होते आणि ऑपरेशन संपले हे त्यांना सांगावे लागले. मला झोपवू नका, असे मामाजी स्वतःच म्हणत आहेत. भीतीपोटी का होईना, त्यांनी आपल्या हिताचीच गोष्ट सांगितली आहे.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या लपवणे बरोबर होणार नाही. गाठ वृषणापर्यंत उतरून मोठी झाली असेल, आत जात नसेल, पूर्वी तिथेच ऑपरेशन झाले असेल, रुग्ण फार लठ्ठ असेल किंवा सुईच्या नुसत्या दर्शनाने घामाघूम होत असेल, तर जागेवरची भूल पुरत नाही. लहान मुलांत तर ती एकटी वापरतच नाहीत. आणि सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे सर्जनचा हात. बधिर झालेल्या पण जाग्या माणसावर काम करताना ओढाताण चालत नाही, थरांची ओळख पक्की लागते, औषध बसायला थांबण्याचा धीर लागतो. ज्या सर्जनला सवय नाही त्याच्या हातून रुग्ण दुखावतो, आणि घाईत दुरुस्ती कच्ची राहून हर्निया पुन्हा येण्याचा धोकाही वाढतो. म्हणून कोणती भूल चांगली, असे विचारण्यापेक्षा, तुम्ही जागेवर भूल देऊन हर्निया नेहमी करता का आणि मागच्या महिन्यात किती केले, असे त्या सर्जनना विचारा. नेहमी करणारा सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. क्वचितच करतो असे उत्तर आले, तर मी दुसरा सर्जन शोधेन, अगदी त्यासाठी सेवाग्राम, सावंगी किंवा यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागले तरी.

दुसरा प्रश्न औषधाच्या मापाचा, आणि तो भूलतज्ज्ञ म्हणून मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण जागेवरची भूल म्हणजे बिनधोक भूल, असा समज दवाखान्यांतही आढळतो. ज्याला सगळे झायलोकेन म्हणतात त्या लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मर्यादा दर किलो वजनामागे साधारण साडेचार मिलिग्रॅम आहे, आणि त्यात अॅड्रिनॅलिन मिसळलेले असेल तर सात मिलिग्रॅम. मामाजींचे वजन 60 किलो धरले, तर अॅड्रिनॅलिनसह 420 मिलिग्रॅमच्या पुढे जायचे नाही. दोन टक्क्यांच्या 30 मिलिलीटरच्या बाटलीत 600 मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे एक अख्खी बाटली या माणसाला जास्त होते. म्हणून जाणकार सर्जन ते सलाईनमध्ये पातळ करून अर्धा ते एक टक्का करतात, आणि जास्त वेळ टिकावे म्हणून ब्युपिव्हाकेन हे दुसरे बधिर करणारे औषध मिसळले असेल तर दोन्हींचा हिशेब एकत्र धरतात. मात्रा जास्त झाली किंवा औषध चुकून रक्तवाहिनीत गेले, तर ओठांभोवती मुंग्या येणे, कानात आवाज येणे आणि जिभेला धातूची चव लागणे यांपासून झटके येण्यापर्यंत आणि हृदय बंद पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. हे क्वचित घडते, पण घडते तेव्हा ऑक्सिजन, मॉनिटर, 20 टक्क्यांचे लिपिड इमल्शन (अशा वेळी शिरेतून द्यायचे स्निग्ध द्रावण) आणि ते कसे वापरायचे हे जाणणारा माणूस तिथेच लागतो. माझ्या मते तो माणूस भूलतज्ज्ञ असावा. आपल्या भागात एकच भूलतज्ज्ञ सकाळपासून चार दवाखाने फिरतो, हे मी स्वतः वर्षानुवर्षे केले आहे, तेव्हा तक्रारीच्या सुरात हे लिहीत नाही. परंतु भूलतज्ज्ञ स्टँडबाय म्हणजे गावात कुठे तरी, की खोलीत, हे स्पष्ट विचारून घ्या आणि त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या.

तिसरा प्रश्न असा विचारा, की जागेवरची भूल मध्येच अपुरी पडली तर पुढे काय करणार? झोपवून टाकू, असे उत्तर आले तर तिथेच थांबवा आणि तोंडाची गोष्ट पुन्हा सांगा. मामाजींसाठी दुसरा मार्ग पाठीतल्या भुलीचा आहे, कमी मात्रेत, बारीक सुईने, सलाईन बेताने देऊन. त्याने संध्याकाळी घरी जाणे कदाचित हुकेल आणि एक रात्र राहावे लागेल, जे मला मान्य आहे.

ऑपरेशनच्या आधी निदान आठवडाभर भूलतज्ज्ञाची स्वतंत्र भेट मागून घ्या. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवर झालेली ओळख म्हणजे तपासणी नव्हे. जाताना गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या, नुसते बीपीची गोळी म्हणून सांगू नका : अॅम्लोडिपिन असेल तर ती त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, टेल्मिसार्टनसारखी असेल तर अनेक भूलतज्ज्ञ ती आदल्या दिवसापासून थांबवतात. त्या पाकिटांत रक्त पातळ ठेवणारी एखादी गोळी निघाली, विशेषतः क्लोपिडोग्रेल, तर पाठीतल्या सुईच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. ती आपल्या मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, विचारा. घराण्यात कोणाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर तेही सांगा, विदर्भात हा प्रश्न विचारल्याशिवाय मी कोणालाही भूल देत नाही. लघवीच्या त्रासासाठी सोनोग्राफी करून, लघवी करून झाल्यावर आत किती उरते ते आधीच पाहून घ्यावे आणि प्रोस्टेटवर गोळी लागत असेल तर ती ऑपरेशनपूर्वी सुरू व्हावी. जोर लावून लघवी करणारा माणूस नव्या जाळीवर रोज ताण देत असतो. आणि तोंड आतून दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. हे हर्नियापेक्षाही महत्त्वाचे ठरू शकते, कारण अशा ताठ झालेल्या अस्तरावर पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो.

खर्चाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या निवडलेल्या दवाखान्यात हे ऑपरेशन बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

आता 18 किलोमीटरचा प्रश्न. तेवढ्या अंतरावरच्या माणसाला त्याच दिवशी घरी पाठवू नये, असे मी म्हणणार नाही, पण काही गोष्टी जमल्या पाहिजेत. रात्रभर जवळ एक जाणते माणूस हवे, चालू फोन हवा आणि दारात गाडी हवी. सकाळच्या एसटीवर भिस्त ठेवून चालणार नाही. दवाखाना सोडण्यापूर्वी मामाजींनी आपल्या पायाने चालून दाखवावे, पाणी पिऊन ते पोटात राहावे, आणि लघवी झालेली असावी. यातली शेवटची अट पाठीतली भूल दिली तर मुळीच सोडू नका. परतीचा प्रवास मोटारसायकलवर मागे बसून करायचा नाही. जागेवरच्या भुलीचा असर काही तासांनी, बहुधा रात्री उतरतो, आणि दिवसभर काहीच दुखत नाही म्हणून गोळी न घेतलेला माणूस तेव्हा कण्हत उठतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉलची गोळी दुखण्याची वाट न पाहता, वेळ पाहून द्या. जांघेत आणि वृषणाभोवती थोडी सूज आणि निळसरपणा येतो, त्याला घाबरू नका. मात्र सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, सूज डोळ्यांदेखत वाढू लागली, पट्टी रक्ताने भिजली, उलट्या थांबेनात किंवा ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका.

राहिली ऑपरेशनची सकाळ. जागेवरचीच भूल ठरली असली तरी पोट रिकामे ठेवायचे, कारण बेत बदलावा लागला तर तेव्हा उपाशी राहायला वेळ मिळत नाही : जेवण आदल्या रात्री, शेवटचे खाणे ऑपरेशनच्या निदान सहा तास आधी, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यात मोजतात, आणि पहाटे पाचचा चहा सुटत नाही म्हणून ऑपरेशन पुढे ढकलावे लागलेले किती तरी रुग्ण माझ्या हाताखालून गेले आहेत. खर्रा तर आदल्या रात्रीपासून बंदच असावा. एकदा एका आजोबांना टेबलावर घेतल्यावर मी तोंड उघडायला सांगितले, तेव्हा गालात खर्र्याची गोळी तशीच होती. थोडाच आहे, साहेब, म्हणाले. तेव्हा सकाळी घरातून निघताना मामाजींच्या सदऱ्याच्या खिशातली पन्नी तुम्ही काढून घ्या, आणि ऑपरेशनच्या दारात कपडे बदलताना त्यांना एकदा आ करायला लावा.